कुत्रा ऐकत नाही? आधी या चुका टाळा

पिल्लू घरी येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच विचारणा सुरू होते, "काही केल्या ऐकतच नाही हो, मंद आहे का?" मंद नसतं ते. न ऐकायचं आपणच त्याला व्यवस्थित शिकवलेलं असतं.

सगळ्यात महागात पडते ती जवळ बोलावून ओरडायची सवय. ठाण्यात वसंत विहारच्या एका सोसायटीत बंड्या नावाचा बीगल आहे. मालक रोज सकाळी त्याला पोडियमवर मोकळा सोडत. ऑफिसची वेळ झाली की "बंड्या, ये!" आला की पट्टा, लिफ्ट, घर. यायला उशीर केला तर वर एक चापट. एका सकाळी पाण्याच्या टँकरसाठी गेट उघडलं आणि बंड्या थेट पोखरण रोडवर. मालक मागून "ये, ये" करत धावताहेत. कुत्रा दहा फुटांवर थांबायचा, वळून बघायचा, हे पुढे सरकले की हा आणखी पुढे. समोरून टीएमटीची बस. शेवटी वॉचमनकाका फुटपाथवर पाठ करून खाली बसले आणि त्यांनी डबा उघडला. पोळीच्या वासाने बंड्या आपणहून त्यांच्या मांडीपाशी आला. एवढं होऊन मालकांनी काय केलं? पट्टा लावला आणि दिली एक ठेवून. मी कपाळाला हात लावला.

अशा कुत्र्यासाठी 'ये' हा शब्द कायमचा नासला असं समजा. नवा शब्द घ्या, नाहीतर शिट्टी. मी हार्डवेअरच्या दुकानातून दहा मीटर सुती दोरी आणते आणि ती गळ्याला नाही, हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधते. हाक मारायची, आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचं. पट्टा दहातून एखाद्या वेळीच. आंघोळ किंवा नखं कापायची असली तर हाक मारूच नका, उठून त्याला घेऊन या.

"पण चूक कळते त्याला, चेहरा बघा ना कसा करतो!" हे तर ऐकून कान किटले. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रयोग करून दाखवलं की तो पडेल चेहरा मालकाच्या ओरडण्यामुळे होतो, कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो. सकाळी कुरतडलेल्या चपलेसाठी संध्याकाळी ओरडून काहीही साधत नाही.

दुसरी डोकेदुखी म्हणजे जपमाळ. "बस. बस. अरे बस ना. बस बस बस!" सातव्यांदा आवाज चढल्यावरच बसायचं असतं, हे कुत्रा यातून बरोबर शिकतो. एकदा म्हणा आणि गप्प राहा. मी मनात पाचपर्यंत मोजते. नाहीच बसला तर खाऊ नाकापाशी धरून डोक्यावरून मागे नेते. नाक वर जातं, बूड आपोआप खाली टेकतं. कंबर दाबून बसवू नका, पिल्लाला तर अजिबात नाही. आणि खाऊ एक-दोन सेकंदांत तोंडात गेला पाहिजे. जीन्सच्या खिशात चाचपडत बसलात तर तेवढ्यात तो उठतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. कमरेला छोटी पिशवी बांधा. दिसते गावठी, दिसू द्या.

आजी 'बस', मुलगा 'सिट', कामाच्या मावशी 'बैठ' म्हणतात? एकच ठरवा, फ्रिजवर लिहून लावा.

खाऊचा तुकडा मटारच्या दाण्याएवढा, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी.

सराव पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. रविवारी तासभर रगडून आठवड्याची भरपाई होत नाही.

चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घरात आणूच नका. सगळ्या घाईवाल्यांना तीच हवी असते.

हॉलमध्ये बसणारा कुत्रा उपवन तलावावर रविवारच्या गर्दीत बसत नाही म्हणून चिडणारे बरेच भेटतात. त्याच्यासाठी तो धडाच वेगळा असतो. हॉलनंतर पॅसेज, मग लिफ्टपाशी, मग पोडियम, आणि तळ्याकाठी सगळ्यात शेवटी. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून शिकवायचं, खाऊही घरच्यापेक्षा चांगला.

"पंधरा दिवसांत फुल ट्रेनिंग" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी एकच विचारा, शिकवताना घरच्यांनी हजर राहायचं का? नाही म्हणाला तर कुत्रा त्याचं ऐकेल, तुमचं नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारी खाली नेऊन सराव करू नका. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसत नाही, आणि 'बस' म्हटल्यावर तो बसणार तरी कुठे?