पंखा घरघरला की आधी यादी बघा

लॅपटॉपचा पंखा उगाच घरघरायला लागला की मी माऊसला हात लावत नाही, सरळ टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडतो. लिनक्सवर ‘पीएस’, मग एक स्पेस, मग ‘एयूएक्स’, सगळी इंग्रजी अक्षरं लहान. एंटर मारलं की सगळ्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, धडाधड खाली येतात. घाबरू नका, दुसरा रकाना तेवढा लक्षात ठेवा: तो पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर.

इथे मी बरीच वर्षं फसलो. या यादीतला सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरच्या वापराचा, आकडा आत्ताचा नसतो, प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. दोन दिवस निवांत पडलेला ब्राउझर आत्ताच उधळला असेल, तरी इथे साळसूद दिसतो. म्हणून पंख्याचा गुन्हेगार शोधायला ‘टॉप’ चालवा. ते दर काही सेकंदांनी ताजं होतं. शिफ्ट धरून एम दाबलं तर मेमरी खाणारे वर येतात, पी दाबलं तर सीपीयू खाणारे. बाहेर पडायला क्यू.

‘पीएस’च्या यादीत स्टॅट, म्हणजे स्थितीच्या, रकान्यात झेड दिसला तर ती प्रोसेस झोंबी: आधीच मेलेली, तिला मारून उपयोग नाही.

बाकीच्यांना ‘किल’ आणि पीआयडी. याने प्रोसेसला सिग्नल १५ जातो, म्हणजे ‘आवरून निघ’ अशी विनंती. ऐकलंच नाही तर ‘किल’नंतर उणे ९ आणि मग पीआयडी: ही विनंती नाही, थेट बंद. एकदा घाईत मी थेट ९ दिला आणि अर्धवट सेव्ह झालेली फाइल गमावली. आता आधी दहा सेकंद थांबतो.

विंडोजवर हीच यादी ‘टास्कलिस्ट’ दाखवतं.