विरजण मंदावल्यास फेज कसा ओळखावा आणि प्रतिकारक वाण कसे निवडावे

नेहमीचेच दूध, नेहमीचेच तापमान आणि नेहमीचेच विरजण असूनही दही लागायला फार वेळ लागू लागला, तर दुग्धशाळेने दोन शक्यता तपासाव्यात : दुधात उतरलेला प्रतिजैविकाचा अंश, किंवा फेज, म्हणजे विरजणाच्या जीवाणूंमध्ये शिरून वाढणारा विषाणू.

संशयित दह्याची निवळी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावी. जीवाणू वर राहतात, फेज खाली उतरतो. निर्जंतुक केलेल्या, साय काढलेल्या दुधाच्या दोन नळ्यांत सारखेच ताजे विरजण घालावे. एकीत ही गाळलेली निवळी, तर दुसरीत पूर्वीच्या चांगल्या दह्याची, तशीच गाळलेली निवळी तितक्याच प्रमाणात मिसळावी. नळ्या ४२ अंश सेल्सिअसला ठेवून दर अर्ध्या तासाने सामू मोजावा. पहिलीत आम्लता मागे पडली, तर तिची निवळी पुन्हा गाळून शंभरास एक या प्रमाणात, दूध आणि ताजे विरजण असलेल्या नव्या नळीत घालावी. ही पायरी कधीही टाळू नये, कारण प्रतिजैविक अशा प्रत्येक फेरीत विरळ होत जाते, फेज मात्र जीवाणूंत वाढून टिकून राहतो.

फेज ठरल्यावर त्याच निवळीच्या सान्निध्यात जीवाणू वाढवून तगलेल्या वसाहती वेगळ्या काढाव्यात; याच प्रतिकारक वाण ठरतात. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस या दह्याच्या विरजणातील जीवाणूमध्ये त्या कशा तगतात, हे डॅनिस्को कंपनीतील बारांगू, होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले : जीवाणू फेजच्या डीएनएचा लहानसा तुकडा क्रिस्पर या आपल्या डीएनएतील नोंदवहीसारख्या भागात साठवतो आणि तसाच क्रम असलेल्या फेजला पुढच्या वेळी दाद देत नाही. तो क्रम कापला जातो, हे नंतरच्या संशोधनातून दिसले. यावर फेजचे उत्तरही तितकेच नेमके असते; त्या क्रमातील एकच अक्षर बदलले, तरी तो निसटू शकतो. मग जीवाणूला नवा तुकडा मिळवावा लागतो, आणि हा सामना पुढे चालू राहतो.

म्हणूनच एकाच प्रतिकारक वाणावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. निवडलेले वाण दूध पूर्वीइतक्याच वेगाने आंबवते का, हे आधी पाहावे. पुढे दर वेळची गाळलेली निवळी तारखेसह शीतपेटीत जपावी आणि प्रत्येक नवे वाण जुन्या व ताज्या अशा दोन्ही निवळ्यांविरुद्ध तपासावे. जी सगळी एकाच फेजला बळी पडत नाहीत, अशीच वाणे आलटून पालटून वापरावीत. निवळी वेगळी करण्याची जागा विरजणाच्या खोलीपासून दूर असावी, कारण तिचे हवेतील सूक्ष्म तुषारही फेज वाहून नेतात.