कॅमेऱ्याला कोणती केबल? मिनी डीव्ही कॅसेटपासून यूएसबी-सीपर्यंत

बेळगावच्या खडेबाजारात खेप टाकण्याआधी एवढं ठरवा, की कॅमेऱ्यातून नेमकं काय बाहेर काढायचं आहे. कॅसेटवरचं जुनं शूटिंग, कार्डावरच्या फाइली, की चालू शूटिंगचं थेट चित्र? तिन्हींचा रस्ता वेगळा. पिन बसते म्हणून केबल घेतली, की निम्म्या वेळा ती परत करायला जावं लागतं.

सगळ्यात जास्त गोंधळ कॅसेटवरून होतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे वीसेक वर्षांपूर्वीच्या लग्नांचं आणि शिवजयंतीच्या चित्ररथांचं शूटिंग मिनी डीव्ही कॅसेटवर झालं. त्या हँडिकॅमला बहुधा दोन सॉकेट असतात, एक यूएसबीचं आणि दुसरं 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' लिहिलेलं, चार पिनांचं, बारीक. यूएसबी ओळखीचं वाटतं म्हणून लोक तेच जोडतात आणि मग कॉम्प्युटरवर फक्त मेमरी कार्डातले फोटो दिसतात. बहुतेक मॉडेलांत ते सॉकेट त्यासाठीच दिलेलं आहे. काहींतून व्हिडिओ येतो, पण हलक्या दर्जाचा. कॅसेटवरचं मूळ डिजिटल चित्र जसंच्या तसं हवं असेल तर डीव्ही सॉकेटच लागतं, म्हणजेच फायरवायर. हे मानक १९९५ चं, वेग ४०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट).

इथे एक फसवणूक ओळखून ठेवा. 'फायरवायर टू यूएसबी' म्हणून जी स्वस्त केबल किंवा गुटका मिळतो, त्यात एका टोकाच्या तारा दुसऱ्या टोकाला जोडलेल्या असतात, बाकी काही नाही. दोन्ही मानकांची बोलायची भाषाच वेगळी. मध्ये एका भाषेचं दुसरीत रूपांतर करणारी कंट्रोलर चिप नसेल तर कॅमेरा कॉम्प्युटरला दिसणारच नाही. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड घाला. जुन्या लॅपटॉपला एक्सप्रेसकार्डची खाच असेल तर त्यात बसणारं कार्ड मिळतं. दोन्ही नसेल तर फायरवायर सॉकेट असलेला जुना लॅपटॉप शोधणंच सोपं. ॲपलच्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा आधार काढून टाकला आहे, तेव्हा मॅकवर हे काम करायचं तर सिस्टीम अपडेट करू नका.

जोडण्याचा क्रम पाळा. कॅमेरा बंद, कॉम्प्युटरही बंद, मग केबल, मग दोन्ही चालू. कॉम्प्युटरकडच्या सहा पिनांच्या टोकातून वीजही जाते. सॉकेट ढिलं असेल तर पिन उलटी किंवा तिरकी घुसते आणि कॅमेऱ्याची डीव्ही चिप जळते. मग कॅसेट कॅमेऱ्यात छान दिसते, बाहेर मात्र येत नाही. चार पिनांच्या टोकात वीज नसते, पण दुसरं टोक सहा पिनांचं असतं, म्हणून सवय तीच ठेवा.

विंडोज ८ पासून फायरवायरचा जुना 'लेगसी' ड्रायव्हर सोबत येत नाही. कार्ड दिसतं पण कॅमेरा दिसत नाही, असं झालं तर मायक्रोसॉफ्टने वेगळा दिलेला तो ड्रायव्हर टाका आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावात 'लेगसी' असलेलाच निवडा. कॅमेरा प्लेच्या बाजूला ठेवा, बॅटरीवर नको, ॲडॉप्टरवर. मध्येच वीज गेली तर निदान बॅटरी हाताशी राहील. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, घाई करता येत नाही, आणि जागा साधारण १३ जीबी लागते. डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा. सुमारे २० मिनिटांत फाइल तुटते. रिकाम्या डिस्कचं फॉरमॅट एनटीएफएस करून घ्या. चित्रात चौकोन फुटू लागले तर आधी हेड (कॅसेट वाचणारा भाग) साफ करणारी कॅसेट दहाएक सेकंद चालवा. एलपी मोडवर (हळू वेगाने, जास्त वेळ) भरलेली कॅसेट शक्य तर ज्या कॅमेऱ्यावर भरली त्याच कॅमेऱ्यावर वाजवा. खानापूरकडच्या पावसात ठेवलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालूच नका, बुरशी हेडला लागेल.

कार्डाच्या फाइलींसाठी मात्र कॅमेऱ्याला केबल लावायची गरजच काय? रीडर घ्या, कॅमेऱ्याची बॅटरीही वाचते. फक्त वेग बघा. यूएसबी २.० चे कागदावर ४८० एमबीपीएस, हातात सेकंदाला ३५-४० एमबी (मेगाबाइट). ६४ जीबीचं भरलेलं कार्ड अर्धा तास खातं. तेच कार्ड वेगवान असेल आणि रीडर ५ जीबीपीएसचा, तर सुमारे बारा मिनिटांत मोकळे.

नावांच्या नादी लागू नका. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच वेगाची तीन नावं आहेत. खोक्यावर ५, १० किंवा २० जीबीपीएस काय लिहिलंय तेवढंच वाचा. यूएसबी-सी हा तर फक्त पिनेचा आकार. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली सी-केबल बहुतेक वेळा २.० च्याच वेगाची असते. तिने एसएसडी जोडली तर डिस्क कितीही भारी असो, चालणार बैलगाडीच्या चालीने. पोर्टेबल हार्ड डिस्कची रुंद मायक्रो-बी पिन नीट पाहिलीत तर दोन भाग दिसतील. मोठा भाग म्हणजे जुन्या मोबाइलची पिन. तेवढीच घुसवली तरी डिस्क चालते, पण ४८० एमबीपीएसवर. शेजारचा भागही बसला तरच खरा वेग. डिस्क टक-टक करत असेल तर तिला वीज पुरत नाही: २.० पोर्ट ५०० मिलीॲम्पिअर देतो, ३.० पोर्ट ९००. साध्या हबमधून काढा, थेट मागच्या पोर्टला लावा. आणि ३.० डिस्क लावल्यावर बिनतारी माउस अडखळू लागला तर माउस बिघडलेला नाही, २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो. माउसचं डोंगल थोडं लांब, एक्स्टेन्शन वायरवर लावा.

थेट चित्रासाठी एचडीएमआय. लहान कॅमेऱ्यांची मायक्रो एचडीएमआय पिन नाजूक असते, केबल ट्रायपॉडला बांधून ताण काढा. कॅमेरा घेण्याआधी बाहेर जाणाऱ्या चित्रावरची मेनूतली अक्षरं घालवता येतात का ते बघा. सगळे कॅमेरे स्वच्छ चित्र देत नाहीत. एचडीएमआयचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चर स्टिकवर '४के' लिहिलेलं असलं, तरी पुष्कळ स्टिक ४के फक्त आत घेतात आणि कॉम्प्युटरला १०८० पी, ३० फ्रेमच देतात. लाइव्हला ते पुरतं, पण पैसे त्याच हिशोबाने द्या.

मंगल कार्यालयात स्टेजपासून बाहेरच्या एलईडी वॉलपर्यंत चाळीस मीटर अंतर असतं. तिथे साधी एचडीएमआय चालत नाही, १५ मीटरच्या पुढे तिचा भरवसा नाही. फायबरची (प्रकाशाने चित्र नेणारी) एचडीएमआय घ्या, नाहीतर एसडीआय, म्हणजे व्यावसायिक कॅमेऱ्यांची व्हिडिओ जोडणी. ३जी-एसडीआय चांगल्या ७५ ओहमच्या वायरवर शंभर मीटरच्या आसपास जातं, आणि तिची बीएनसी पिन फिरवून अडकते, त्यामुळे वऱ्हाडातल्या कुणाचा पाय पडला तरी निघत नाही. जनरेटर आणि हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन दोन्ही वापरत असाल तर कॅमेरा, मिक्सर आणि वॉल एकाच बोर्डावर घ्या. अर्थिंगमधला फरक केबलवाटे येऊन पोर्ट जाळतो. बॅटरीवरून चालणाऱ्या उपकरणांना आधी वीज द्या, मग एसडीआय जोडा, आणि काढताना एसडीआय आधी.