‘सर्व धर्म एकाच ठिकाणी पोहोचतात’ हे विधान कसे तपासावे

आत्मसाक्षात्काराचे मार्ग म्हणून सर्व धर्म सारखेच प्रमाण आहेत का, हे ठरवायचे असेल तर मार्गांची तुलना आधी करू नये. प्रत्येक परंपरा माणसाला नेमके कुठे न्यायला निघाली आहे, ते प्रथम तिच्याच परिभाषेत लिहून काढावे. अद्वैत वेदान्तात जीव आणि ब्रह्म एकच असल्याची अनुभूती हे साध्य आहे, तर मध्वाचार्यांच्या द्वैतमतात मुक्तीनंतरही जीव आणि ईश्वर यांच्यातला भेद कायम राहतो. जैन दर्शनात प्रत्येक जीव स्वतंत्र असून कर्माचे आवरण दूर झाल्यावर त्याला केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, होते. बौद्ध विचाराने नित्य आत्माच नाकारलेला असल्यामुळे निर्वाणाला आत्मसाक्षात्काराचे दुसरे नाव समजणे हा त्या विचारावर अन्याय होतो. ख्रिस्ती श्रद्धेत तारण ही देवाची कृपा आहे, आणि सूफींची ‘फना’ (ईश्वरात ‘मी’पणाचा लय) अद्वैताच्या कितीही जवळची वाटली तरी तिची चौकट तौहीदचीच, म्हणजे ईश्वर एकच या इस्लामी श्रद्धेचीच आहे. हे टिपण समोर ठेवले की दिसते, मतभेद धर्माधर्मांत आहेत तसेच एकाच धर्माच्या पोटातही आहेत.

त्यानंतर पुराव्यांची छाननी करावी. शिवमहिम्न स्तोत्रातला, सर्व नद्यांना जसा समुद्र तसा सर्व मार्गांना तूच, हा आशय विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोत मांडला. पण त्या श्लोकातला ‘तू’ शिव आहे. म्हणजे हे सर्वसमावेशक विधानही एका परंपरेच्या आत उभे राहूनच केलेले आहे. रामकृष्ण परमहंसांचा दाखला अधिक वजनदार आहे, कारण त्यांनी इस्लाम आणि ख्रिस्ती मार्गांची साधना प्रत्यक्ष केली. तरीही त्या अनुभवाचा अर्थ लावणारी दृष्टी कालीभक्ती आणि अद्वैत यांतून आधीच घडलेली होती, हे नजरेआड करू नये.

मुंबईकर येथे हमखास माहीमचा दाखला देतात. सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला अन्य धर्मीयही मोठ्या संख्येने येतात. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चबाहेर मेणाचे हात, पाय, मुले विकायला मांडलेली असतात आणि ज्याचे जे दुखणे किंवा मागणे, त्याप्रमाणे माणूस मेणाची आकृती उचलतो. हा सलोखा मोलाचाच आहे. मात्र तेथे मागितले जाते ते आरोग्य, संतती, घर. त्यावरून आत्मज्ञानाच्या मार्गांची तुल्यता सिद्ध होत नाही.

तिसरी कसोटी माझ्या मते सर्वांत कठोर आहे. मे १९३६ मध्ये मुंबईत भरलेल्या महार परिषदेत ‘मुक्ती कोण पथे?’ हा प्रश्न मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्माकडून सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य यांची अपेक्षा केली होती. सर्वांभूती एकच आत्मा मानणाऱ्या समाजाने चोखोबांना पंढरीच्या देवळाबाहेर ठेवले. म्हणून तत्त्वाबरोबरच, त्या मार्गावर पाऊल ठेवायची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हेही टिपणात नोंदवावे. या कसोटीवर सर्व मार्ग सारखे ठरत नाहीत, आणि एकच मार्गही सर्व काळात सारखा ठरत नाही, असे माझे मत आहे. माणसांना समान आदर देण्यासाठी त्यांचे सिद्धान्त समान मानावे लागत नाहीत.

प्रत्यक्ष साधनेसाठी एकच पद्धत निवडून ती दीर्घकाळ करावी. खेतवाडीत राहणारे, विड्यांच्या दुकानावर प्रपंच चालवणारे निसर्गदत्त महाराज, त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराजांनी सांगितल्याप्रमाणे ‘मी आहे’ या एकाच जाणिवेला धरून राहिले. त्याच वेळी दुसऱ्या परंपरेचा एखादा ग्रंथ ती मनापासून पाळणाऱ्या परिचितासोबत वाचावा, आणि तिच्या दृष्टीने आपला मार्ग पोहोचतो का, असे त्याला सरळ विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले, तर सौजन्यापोटी त्याचे ‘हो’ करून न घेता ते तसेच लिहून ठेवावे आणि त्याची कारणे विचारावीत.