निंबोळी तेल पंपात नुसतं ओतू नका

भाऊंनो, श्रावणात पावसाने उघडीप दिली आणि दमट ऊन पडलं, की कपाशीवर तुडतुडे, म्हणजे पानातला रस शोषणारे बारीक किडे, झपाट्याने वाढतात. पानामागे सरासरी 2 ते 3 दिसले की फवारणी लांबवू नका. पण तेल पंपात नुसतं ओतू नका. दरवर्षी याच एका चुकीने करपलेली कपाशी पाहतोय.

मागच्या हंगामात तापीकाठच्या एका शेतात पंपाच्या सुरुवातीच्या ओळींवर तुडतुडे जसेच्या तसे होते. पंप संपताना फवारलेल्या झाडांची पानं मात्र कडेने जळालेली, हाताला तेलकट. मालक म्हणाले, औषध बनावट. औषध चांगलंच होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं आणि पंप ओढतो बुडातून. आधी नुसतं पाणी गेलं, शेवटी तेल. पंप कितीही हलवा, हलवणं थांबलं की थेंब पुन्हा एक होतात.

ते सुटे ठेवतो साबण. त्याचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला.

मात्रा: 10 लिटर पाण्याला 50 मि.ली. निंबोळी तेल, साबण म्हणून 10 ग्रॅम धुण्याची पावडर. 15 लिटरच्या पंपाला 75 मि.ली. आणि 15 ग्रॅम. पावडर आधी लिटरभर कोमट पाण्यात विरघळवा. मग तेलाची बारीक धार सोडत रवीने घुसळा, दुधासारखं पांढरं होईपर्यंत. त्यानंतरच पंपात.

दुकानदार सोबत महागडं स्टिकर देतो. ते थेंब पानावर पसरवायला, चिकटवायला असतं, पावडरीचं काम त्याच्या भरवशावर सोडू नका. ॲझाडिरॅक्टीनचं (निंबोळीतला कीड मारणारा घटक) तयार औषध असेल तर त्यात मिसळणारं द्रव्य आधीच असतं, तिथे लेबलवरचीच मात्रा पाळा.

बोअरचं पाणी जड असलं की साबण फाटतो, कण्या धरतात. माझा ठोकताळा असा: ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, त्यात तेलही नीट फुटत नाही. पावसाचं साठवलेलं पाणी घ्या.

बाकी कामं:
- फवारणी संध्याकाळी, वारा नसताना
- गंधकासोबत तेल नको
- तोंडाला फडकं, हातमोजे
- निंदणी, साचलेलं पाणी काढणं

पंप पाठीवर घेण्याआधी थोडं द्रावण काचेच्या बाटलीत दहा मिनिटं ठेवा. वर पिवळी साय धरली, तर ते परत रवीखाली घ्या.