बंद गिरणीच्या गच्चीवर स्वयंचलित शेती: या चुका टाळा

लालबाग-परळकडे बंद गिरणीत किंवा ओस गोदामात मातीविना, खत विरघळवलेल्या पाण्यावर पालेभाजी पिकवायला जागा मिळाली की पहिला खर्च सेन्सरवर होतो. तो नंतर करा, आधी स्लॅब बघा. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार मात्र चौरस मीटरला साधारण 150 किलो. टाकी जमिनीवरच ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय वर एकही स्टँड चढवू नका. जुन्या आवारातल्या मातीत रंग, तेल, शिसं मुरलेलं असू शकतं. तपासणी होईपर्यंत तिच्यात पालेभाजी नको.

सर्वांत जास्त पीक जातं ते गरम पाण्यामुळे. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसात. उकाड्यात मुळांना तो जास्त लागतो, आणि पिथियम या बुरशीसारख्या जंतूमुळे होणारी मूळकूजही तेव्हाच बळावते. पाणी वाहत असूनही दुपारी लेट्यूस माना टाकतं, मग पंपाचा वेळ वाढवला जातो. त्याचा काही उपयोग नाही. रोप उचला, एक मूळ चिमटीत धरून ओढा. तपकिरी, बुळबुळीत साल सरकून आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर कूज लागली आहे. रोगट रोपं काढा, टाकी धुवा, तिला पांढरा रंग आणि सावली द्या, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन टाका. मे महिन्यात लेट्यूसचा हट्टच करू नका. लाल माठ, अंबाडी लावा.

पावसाळ्यात वेगळीच फसगत होते. रोपांची मुळं असतात त्या उघड्या चॅनेलमध्ये पाऊस शिरतो, खताचं द्रावण पातळ होतं, ईसी (पाण्यात किती खत आहे ते दाखवणारा आकडा) उतरतो आणि कंट्रोलर रात्रभर खत ओतत बसतो. छत हवंच, शिवाय दिवसाला जास्तीत जास्त किती खत सुटेल, ही मर्यादा प्रोग्रॅममध्ये घाला. पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) 5.5 ते 6.5 मध्ये राहिला की पुरे: पीएच सुधारणाऱ्या द्रावणाचा एक-दोन सेकंद डोस द्या, मग मिसळायला 15 मिनिटं थांबा. पीएच मोजणारा प्रोब दर पंधरवड्याला 4 आणि 7 पीएचच्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) तपासा, टोक सुकू देऊ नका.

कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट खतं एकाच घट्ट द्रावणात कालवली तर तळाला जिप्समचा पांढरा गाळ बसतो, तोच ड्रिपर (पाणी ठिबकवणारी तोंडं) बुजवतो. दोन टाक्या वेगळ्या ठेवा.

पातळ धारेच्या पद्धतीत, म्हणजे मुळांवरून सतत थोडं पाणी वाहतं तिथे, वीज गेली की उन्हाळ्यात तासाभरात मुळं सुकू लागतात, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्या. कंट्रोल पॅनेल पाणी तुंबतं त्या खुणेच्या वर बसवा आणि वायरी खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत शिरणार नाही.