सर्व्होचं कॅम टेबल कसं बनवावं, लोड करावं आणि तपासावं

कोल्हापूरला कॅम, म्हणजे फिरता फिरता दुसऱ्या भागाला पुढे-मागे ढकलणारा उंचवटा, नवा नाही. शेतीपंपाची ऑइल इंजिनं बनवणारं हे गाव; कॅमशाफ्टचा चढ कुठे संपतो आणि उतार कुठे लागतो, हे उद्यमनगरातला जुना कारागीर नुसतं बोट फिरवून सांगतो. आता शिरोलीत, गोकुळ शिरगावात नव्या मशीनवर तोच कॅम सर्व्होसाठी, म्हणजे हव्या त्या जागी नेमकी नेता येणाऱ्या मोटरसाठी, आकड्यांचा असतो. मास्टर (ज्याच्या फेरीवर सगळं चालतं तो अक्ष) इतक्या अंशांवर असताना स्लेव्ह (त्याच्या मागोमाग चालणारा अक्ष) इतक्या मिलिमीटरवर हवा, असं एक टेबल. ते लोड करायला फार वेळ लागत नाही. पण टेबलातल्या दोन बिंदूंच्या मधे कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) कुठल्या वाटेने जातो, हे फार थोडे जण बघतात, आणि मशीन नेमकं तिथेच दणके देतं.

गुळाची एक किलोची ढेप रॅपरमध्ये (वेष्टण गुंडाळणाऱ्या मशीनमध्ये) ढकलणारा पुशर घेऊ; हाच इथला स्लेव्ह. आधी कागदावर आखणी करा. ० ते १२० अंशांत पुशर ८० मिमी पुढे, १८० पर्यंत थांबा, ३०० पर्यंत मागे, ३६० पर्यंत पुन्हा थांबा.

मग एक्सेलमध्ये बिंदू काढा. पुढे जाण्यासाठी पाचव्या घाताचं हे सूत्र मला सगळ्यात भरवशाचं वाटतं:

जागा = ८० × (१०क्ष³ − १५क्ष⁴ + ६क्ष⁵)

क्ष म्हणजे त्या टप्प्याचा किती भाग सरला, ० ते १. परतीच्या टप्प्यात हेच उत्तर ८० मधून वजा करायचं. या सूत्रात सुरुवातीला आणि शेवटी वेग शून्य असतो, प्रवेगही शून्य असतो, म्हणून थांब्याला सांधा बेमालूम बसतो.

आता बिंदू किती जवळ घ्यायचे? ३० अंशांवर उत्तर येतं ८.२८ मिमी. समजा दर ३० अंशांनाच बिंदू दिला आणि इंटरपोलेशन (दोन बिंदूंमधली वाट काढायची पद्धत) ‘लिनिअर’, म्हणजे सरळ रेषेचं, ठेवलं, तर १५ अंशांवर कंट्रोलर पुशरला ४.१४ मिमीवर नेईल. सूत्राप्रमाणे तो १.२८ वर हवा. जवळजवळ तीन मिमीचा फरक! बिंदू दर ५ अंशांना घेतले की जागेची चूक नगण्य होते, पण प्रत्येक बिंदूपाशी वेग पायरीसारखा बदलतो. सर्व्होचा आवाज खरखरीत येतो आणि गुळाची कड मोडते. म्हणून सोय असेल तर क्युबिक (तिसऱ्या घाताचं) किंवा पाचव्या घाताचं इंटरपोलेशन निवडा.

क्युबिक स्प्लाइनचीही, म्हणजे सगळ्या बिंदूंतून जाणाऱ्या तिसऱ्या घाताच्या सलग वक्राचीही, एक खोड आहे. थांब्याच्या दोन्ही टोकांना एकेकच बिंदू दिला, तर वक्र मधे फुगतो आणि थांबलेला पुशर ८० च्या पुढे जाऊन परत येतो. थांब्याचा टप्पा वेगळा ठेवून टोकांना वेग शून्य द्या. तशी सोय नसेल तर थांब्यात आणि त्याच्या कडांना बिंदू दाट करा.

फाइल सीएसव्हीत (स्वल्पविरामाने आकडे वेगळे करणाऱ्या साध्या रूपात) सेव्ह करताना दशांशासाठी टिंबच आहे, स्वल्पविराम नाही, हे बघा. मास्टरचे आकडे चढतेच हवेत, एकही दोनदा नको. ३६० वरची जागा ० वरच्या जागेइतकीच हवी, नाहीतर प्रत्येक फेरीला झटका बसेल.

पीएलसीओपनच्या (कंट्रोलरच्या हुकमांचं सामाईक मानक) पद्धतीचा कंट्रोलर असेल तर ‘एमसी कॅमटेबलसिलेक्ट’ने टेबल निवडायचं आणि ‘एमसी कॅमइन’ने स्लेव्ह जोडायचा. चालू टेबलावर नवे आकडे कधीही लिहू नका. दुसऱ्या जागेत लोड करा आणि पुशर मागे थांबलेला असताना बदला.

सर्व्हो जोडण्याआधी नुसता व्हर्च्युअल मास्टर (कंट्रोलरमधला काल्पनिक मास्टर) फिरवा आणि ट्रेसवर (कंट्रोलरने नोंदलेल्या आलेखावर) वेग व प्रवेग दोन्ही बघा. जागेचा आलेख सगळ्यांचाच गुळगुळीत दिसतो, त्यावर विसंबू नका. मिनिटाला ६० ढेपांच्या गतीला आपल्या पुशरचा कमाल वेग सेकंदाला ४५० मिमी आणि कमाल प्रवेग सुमारे ४.१६ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवा. प्रवेगाच्या आलेखात सुळके दिसले तर दोष टेबलात किंवा इंटरपोलेशनमध्ये आहे. ड्राइव्हचा (मोटरला वीज पुरवणाऱ्या युनिटचा) गेन, म्हणजे चूक किती जोरात सुधारायची ते माप, हलवत बसू नका.

मालक हमखास म्हणतो, “गती दुप्पट करूया की!” गती दुप्पट केली की प्रवेग चौपट, म्हणजे १६.६ होतो. गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून जास्त. पुशर मंदावताना ढेप त्याच्या तोंडापासून सुटून पुढे घसरणार. तेव्हा थांबे कमी करून ढकलण्याला जास्त अंश द्या आणि टेबल नव्याने काढा.

पहिली चाचणी ढेपेशिवाय, अगदी कमी गतीला आणि इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून घ्या. सगळं जुळलं की टेबल कायमच्या मेमरीत साठवा, मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि तेच टेबल परत आलं का ते तपासा.